अंगण खरंच वाकडं होतं

मावशीने पोह्यांची बशी माझ्यापुढे ठेवली आणि माझ्या मावसबहिणीच्या गालाकडे बोट दाखवलं. "हे बघ. आता तूच समजाव हिला."

उजव्या गालाच्या हाडावर रुपयाच्या नाण्याएवढा निळसर डाग होता. बहिणीने घाईघाईने केस पुढे ओढले. तिने हात वर केला तेव्हा टी-शर्टच्या बाहीखाली, दंडावर, आणखी एक डाग दिसला. तो पिवळा पडायला लागलेला, म्हणजे आठवडाभर जुना.

कुणी मारलं नव्हतं. तिच्याच बंदुकीने केलं होतं ते.

मी चार दिवसांसाठी दिल्लीला गेले होते. लाल किल्ला, चांदणी चौक, हुमायूनचा मकबरा अशी यादी फोनमध्ये तयार होती. त्या यादीत नसलेल्या एका जागी माझे तीन दिवस गेले आणि आज त्याच जागेबद्दल तुम्हाला सांगायचं आहे.

माझी बहीण बावीस वर्षांची आहे आणि ट्रॅप नेमबाजी करते. हवेत उडणारी तबकडी छऱ्याच्या बंदुकीने फोडायची, तो खेळ. काका तरुणपणी हाच खेळ खेळायचे. गुडघ्याने दगा दिल्यावर त्यांची इटालियन बंदूक कपाटात गेली आणि दोन वर्षांपूर्वी ती लेकीच्या हातात आली. कागदपत्रांचे सोपस्कार काकांनी रीतसर पुरे केले. बंदूक चांगली, मुलगी मेहनती. पण सहा महिने झाले, पंचवीसपैकी चौदा-पंधराच्या वर आकडा सरकत नव्हता. घरात ठरलं होतं की हा हंगाम बघायचा आणि नाहीच जमलं तर एमबीएचा अर्ज भरायचा.

"मी म्हणते बंदूक नीट बसत नाही," बहीण म्हणाली.

काका वर्तमानपत्राआडून म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडे."

ती काही बोलली नाही. पोहे तसेच ठेवून उठली.

तुघलकाबादच्या वाटेवर

डॉ. कर्णी सिंग शूटिंग रेंज दक्षिण दिल्लीच्या टोकाला, तुघलकाबादला आहे. मेट्रोची व्हायोलेट लाइन, तिथून पुढे रिक्षा. वाटेत गियासुद्दीन तुघलकाचा किल्ला लागतो. चौदाव्या शतकात त्याने मोठ्या हौसेने बांधलेलं हे शहर फार लवकर ओस पडलं. आता उतरत्या, जाडजूड दगडी भिंती उरल्यात, त्यांवर माकडं बसलेली असतात आणि रस्त्यापलीकडे त्याची लाल दगडाची कबर आहे. पुढे अरवलीच्या शेवटच्या खडकाळ टेकड्या सुरू होतात. काटेरी कीकराची झाडं, तांबूस माती. दिल्लीत आहोत हे विसरायला होतं.

मग ठो. ठो. दोन आवाज. जरा थांबून पुन्हा ठो.

"आलं," बहीण म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

ही रेंज १९८२ च्या आशियाई खेळांसाठी उभी राहिली आणि २०१० च्या राष्ट्रकुल खेळांआधी तिचं नूतनीकरण झालं. जिच्या नावाने ती ओळखली जाते ती व्यक्ती फार रंजक आहे. कर्णी सिंग हे बिकानेरचे महाराजा, १९५२ ते १९७७ इतकी वर्षं लोकसभेत खासदार आणि पाच ऑलिंपिक खेळलेले ट्रॅप नेमबाज. १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक मिळवलं. नेमबाजीतला पहिला अर्जुन पुरस्कारही त्यांचाच, १९६१ सालचा.

हा खेळ बराच काळ राजेरजवाड्यांचा होता, कारण बंदूक, काडतुसं आणि मैदान त्यांच्याकडेच होतं. आता चित्र बदललंय. २००४ मध्ये अथेन्सला राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये रौप्य जिंकलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शगुन चौधरी ट्रॅप खेळणारी पहिली भारतीय महिला ठरली. २०१८ च्या राष्ट्रकुल खेळांत श्रेयसी सिंग हिने डबल ट्रॅपचं सुवर्ण आणलं. माझ्या बहिणीच्या खोलीत या दोघींचे फोटो आहेत.

पाव सेकंदाचा हिशेब

रेंजवर कानात बोळे घालून, डोळ्यांवर चष्मा चढवून मी मागच्या बाकावर बसले. समोर जमिनीत एक लांबट खंदक असतो. त्यात तबकड्या फेकणारी यंत्रं लपलेली असतात. नेमबाज खंदकाच्या पंधरा मीटर मागे उभा राहतो, बंदूक खांद्याला लावतो आणि ओरडतो. माइक तो आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी तबकडी सुटते. डावीकडे जाईल, उजवीकडे की सरळ, उंच की बुटकी, काहीही आधी माहीत नसतं.

तबकडी केवढी? व्यास ११० मिलिमीटर, वजन १०५ ग्रॅम. म्हणजे चहाच्या बशीहून लहान. वेग ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. काडतुसात जास्तीत जास्त २४ ग्रॅम छर्रे, साधारण तीनशे दाणे. एका फेरीत पंचवीस तबकड्या आणि मुख्य स्पर्धेत अशा पाच फेऱ्या.

तबकडी फुटली की हवेत नारिंगी धुरळा उडतो. नाही फुटली तर ती आपली निवांत पुढे जाते आणि गवतात पडते. न फुटलेली तबकडी बघणं किती जिव्हारी लागतं, ते बहिणीच्या खांद्यांकडे बघून कळत होतं. त्या फेरीत चौदा फुटल्या.

तिच्या प्रशिक्षकांनी, सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणतात, एक गोष्ट मला हळूच दाखवली. "तिचं डोकं बघा. बंदूक उडायच्या आधी गाल वर येतोय." पुढच्या फेरीत मी फक्त गाल बघितला. खरंच होतं. प्रत्येक वेळी ती गाल दस्त्यावर टेकवायची आणि अगदी शेवटी केसभर उचलायची. उचललेल्या गालावर दस्ता धक्क्याने आदळायचा. डाग तिथूनच आला होता.

"मी शंभरदा सांगितलं, डोकं खाली ठेव," सर म्हणाले. "ठेवते, आणि मग तबकडीच दिसत नाही म्हणते. म्हणून मी आज उस्तादजींना बोलावलंय."

मागची माशी म्हणजे आपला डोळा

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की आपल्याला अंजली भागवत आठवतात, तेजस्विनी सावंत आठवते, पॅरिसला २०२४ मध्ये कांस्य जिंकणारा स्वप्नील कुसाळे आठवतो. हे सगळे रायफलचे खेळाडू. रायफलला पुढे एक आणि मागे एक अशा दोन खुणा असतात. त्या दोन्ही जुळवायच्या, श्वास रोखायचा, मग चाप.

छऱ्याच्या बंदुकीला मागची खूण नसते. नळीच्या पुढच्या टोकाला एक मणी असतो, रेंजवर त्याला मक्खी म्हणतात, आणि बस. मग मागची खूण कुठे गेली?

"मागची मक्खी म्हणजे तुमचा डोळा," उस्तादजींनी मला समजावलं. साठीचे गृहस्थ, खिशात शिंप्यासारखी टेप आणि कानावर पेन्सिल. जुन्या दिल्लीतल्या एका परवानाधारक दुकानात ते चाळीस वर्षं बंदुकांच्या लाकडाचं काम करतायत. "डोळा जिथे असेल, तिथून बंदूक बघणार. डोळा हलला की निशाणा हलला. आणि डोळा कुठे बसणार ते कोण ठरवतं? हे लाकूड."

हे लाकूड म्हणजे दस्ता. बंदुकीचा मागचा भाग, जो खांद्याला लागतो आणि ज्यावर गाल टेकतो. तोवर मला वाटायचं की तो नुसता धरायला असतो.

गणित अगदी शाळेतलं आहे. डोळ्यापासून पुढच्या मण्यापर्यंत अंतर धरा एक मीटर. तबकडी पस्तीस मीटरवर. डोळा एक मिलिमीटर इकडे सरकला तर तिथे फरक पस्तीस मिलिमीटरचा पडतो. पाच मिलिमीटर सरकला तर साडेसतरा सेंटिमीटर. आणि तबकडी आहे अकरा सेंटिमीटरची. छर्रे पसरतात म्हणून थोडी सवलत मिळते, पण इतकी नाही.

आता सांगा, सहा फुटी काकांच्या गालासाठी बेतलेला दस्ता सव्वापाच फुटी मुलीला कसा चालेल? मला तर लग्नात उसना घातलेला मामीचा ब्लाउज आठवला. दिवसभर मी हात वर केला नव्हता आणि सगळ्या फोटोंत अवघडून उभी होते. फोटो बघणाऱ्यांना वाटलं, हिला उभंच राहता येत नाही.

चार मापं

उस्तादजींनी आधी बंदूक उघडून रिकामी असल्याची खात्री केली. मग सरांनी केली. मग बहिणीने. "तिघांनी बघितल्याशिवाय मी मापाला हात लावत नाही," ते म्हणाले. मग त्यांनी भिंतीला टेकवलेल्या आरशावर डोळ्यांच्या उंचीला एक लाल टिकली चिकटवली.

"बेटा, टिकलीकडे बघ. डोळे मीट. बंदूक खांद्याला लाव, जशी रोज लावतेस तशी. मान हलवू नकोस. आता डोळे उघड. काय दिसतं?"

"बंदुकीची पाठ. टिकली दिसतच नाही."

"मग रोज काय करतेस?"

"मान वर करते," ती म्हणाली. आणि तिचं तिलाच ऐकू आलं. ती माझ्याकडे बघायला लागली.

माझ्या लक्षात राहिली ती चार मापं अशी.

पहिलं माप लांबीचं. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंत. कारखान्यातून आलेल्या बंदुकीत हे साधारण साडेचौदा इंच असतं, मध्यम उंचीच्या पुरुषाला धरून. काकांनी आपल्यासाठी ते पंधरा करून घेतलं होतं. कोपराच्या खोबणीत दस्ता टेकवून बोट चापाला पोचतं का, अशी एक जुनी पद्धत आहे, पण उस्तादजी म्हणाले की ती नुसता अंदाज देते. ते बंदूक खांद्याला लावल्यावर नाक आणि अंगठा यांच्यात किती जागा उरते ते बघतात. दोन-तीन बोटं हवी. बहिणीची जवळजवळ पाच भरली. दस्ता लांब असल्यामुळे तो खांद्याच्या खोबणीत न बसता दंडावर सरकत होता. दंडावरच्या डागाचं कारण हे.

दुसरं माप उंचीचं. दस्त्याची वरची कड, जिच्यावर गाल टेकतो, ती नळीपेक्षा किती खाली आहे. काकांची मान लांब, चेहरा मोठा, म्हणून त्यांना ती खाली हवी होती. बहिणीचा डोळा मात्र त्यामुळे नळीच्याही खाली जात होता. शिवाय दस्ता लांब, म्हणून गाल आणखी मागे, जिथे ही कड अजून उतरते. दोन चुका एकमेकींना हात देत होत्या.

तिसरं माप कलाचं. दस्ता नळीच्या अगदी सरळ रेषेत नसतो. उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी तो किंचित उजवीकडे झुकवलेला असतो, म्हणजे डोळा बरोबर नळीच्या मध्यावर येतो. रुंद चेहऱ्याला जास्त झुकाव, अरुंद चेहऱ्याला कमी.

चौथं माप टोकाच्या कोनाचं. दस्त्याचा मागचा भाग खांद्याला सपाट लागला पाहिजे. पुरुषाच्या छातीसाठी कापलेल्या दस्त्याचं खालचं टोक बायकांना टोचतं. हे बहिणीने सरांना कधी सांगितलंच नव्हतं. तिला वाटलं होतं, सगळ्यांनाच टोचत असेल.

यांच्याही आधी एक गोष्ट तपासली जाते, ती तुम्ही आत्ता बसल्या जागी करून बघू शकता. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटं भोक ठेवा. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून समोरचा पंखा किंवा घड्याळ बघा. आता एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतं, तो तुमचा हुकमी डोळा. उजव्या हाताने बंदूक धरणाऱ्याचा हुकमी डोळा डावा निघाला, तर दस्ता कितीही चांगला असो, नेम चुकतो. मग डाव्या खांद्यावरून शिकायचं किंवा चष्म्याच्या डाव्या काचेवर छोटी पट्टी लावायची. बहिणीचा उजवाच निघाला. माझा डावा आहे, हे मला पंचविसाव्या वर्षी कळलं.

कागद खोटं बोलत नाही

दुसऱ्या दिवशी काकाही आले. आले म्हणजे मावशीने पाठवलं. गुडघ्याला पट्टा बांधून, काठी टेकत. "मी फक्त बघायला आलोय," त्यांनी गाडीतच जाहीर केलं.

सरांनी परवानगी घेऊन एका रिकाम्या रेंजच्या कडेला लाकडी चौकटीवर मोठा पांढरा कागद ताणून लावला होता. मध्ये काळा ठिपका. सोळा गजांवर रेघ. हे सोळा गज उगाच नाहीत. या अंतरावर छर्रे कागदावर एक इंच चुकले, तर दस्त्यात इंचाचा सोळावा भाग बदलायचा. कागदावर मोजायचं आणि लाकडात उतरवायचं. इंग्लंडमधले बंदूक बनवणारे कितीतरी पिढ्यांपासून याच हिशेबाने चालतात.

"नेम धरायचा नाही," उस्तादजी म्हणाले. "ठिपक्याकडे बघायचं, बंदूक खांद्याला, आणि लगेच चाप. विचार केलास तर तू चूक दुरुस्त करशील. मला तुझी दुरुस्ती नको, बंदुकीची चूक बघायची आहे."

हे वाक्य मला फार आवडलं. किती तरी ठिकाणी लागू पडेल असं.

प्रत्येक बारला नवा कागद. असे पाच कागद. मग उस्तादजींनी ते जमिनीवर शेजारी शेजारी मांडले आणि प्रत्येकावर छऱ्यांच्या घोळक्याचा मध्य पेन्सिलीने दाखवला. कधी ठिपक्याच्या पाच इंच वर, कधी तीन इंच खाली. वर गेलेले, मान उचलली तेव्हाचे. खाली गेलेले, सरांचं ऐकून मान खाली ठेवली तेव्हाचे. पण पाचही कागदांवर एक गोष्ट सारखी होती. घोळका ठिपक्याच्या उजवीकडे, चार इंच.

"चार इंच म्हणजे सोळातले चार. पाव इंच," उस्तादजी म्हणाले. "मुलगी दर वेळी पाव इंच उजवीकडून बघते. चुकत नाही ती. बघा, किती सरळ रेषेत आहेत. इतकी एकसारखी चूक वाईट नेमबाजाला जमत नाही."

काका खाली बसू शकत नव्हते. त्यांनी काठीवर रेलून पाचही कागद बघितले. मग म्हणाले, "मला द्या एक बार."

सहा वर्षांनी ते बंदूक हातात घेत होते. काठी माझ्याकडे दिली. बंदूक खांद्याला गेली तशी त्यांचा गाल आपल्या जागी जाऊन बसला. दारातून आत येताना उंबरा न बघता पाय उचलावा, तसा. ठो. घोळक्याच्या बरोबर मध्ये ठिपका होता.

कुणीच काही बोललं नाही. काकांनी बंदूक उघडली, रिकामं काडतूस काढलं आणि बहिणीला विचारलं, "तुला अशी कधीच बसली नाही का?"

"मला वाटायचं माझीच चूक आहे, बाबा."

लंडनचे शिंपी, इटलीचं खोरं

बंदूक माणसाच्या मापाने बनवायची ही रीत लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकात रुजली. पर्डी ही कंपनी १८१४ मध्ये, हॉलंड अँड हॉलंड १८३५ मध्ये सुरू झाली. सूट शिवून घ्यावा तशी तिथे बंदूक शिवून घेतात, असंच म्हणायला हवं. आपले संस्थानिक त्यांचे मोठे गिऱ्हाईक होते. त्या शतकाच्या अखेरीस तिथे 'ट्राय गन' आली. तिच्या दस्त्याला बिजागऱ्या आणि स्क्रू असतात. तो लांब, आखूड, वर, खाली, डावी, उजवी असा फिरवून गिऱ्हाइकाचं माप घेतात आणि मग अक्रोडाच्या लाकडात ते माप कोरतात.

इटलीत ब्रेशा शहराच्या वर व्हाल त्रोम्पिया नावाचं खोरं आहे. तिथल्या बेरेट्टा घराण्याने १५२६ मध्ये व्हेनिसच्या राज्याला बंदुकांच्या १८५ नळ्या विकल्याची नोंद आहे. आज जगातले कितीतरी ट्रॅप नेमबाज याच भागात बनलेल्या बंदुका वापरतात. तिथे कारखान्यात जाऊन आपल्या मापाचा दस्ता करून घेता येतो. पण त्याला विमानाचं तिकीट लागतं आणि दस्त्याची किंमतही. आपल्याकडे बहुतेक मुलं वडिलांची, काकांची, क्लबची बंदूक घेऊन सुरुवात करतात. म्हणजे दुसऱ्याच्या मापात.

सव्वा इंच

उस्तादजींनी आपला हिशेब सांगितला. दस्ता सव्वा इंच कापायचा, तोही जरा तिरका, म्हणजे खालचं टोक टोचणार नाही. गालाची कड वेगळी कापून दोन दांड्यांवर बसवायची, म्हणजे ती वर-खाली आणि डावी-उजवी सरकवता येईल. मागे नवीन रबर. आणि मागचं वजन कमी झाल्यावर पुढची नळी जड वाटते, म्हणून दस्त्याच्या पोकळीत थोडं शिसं.

"कापल्यावर परत जोडता येत नाही," ते काकांना म्हणाले. "विचार करून सांगा."

अडचण पैशांची नव्हती. तो दस्ता काकांनी पहिल्या पगारवाढीतून करून घेतला होता. अक्रोडाच्या लाकडाच्या रेषा त्यांना तोंडपाठ होत्या. गाल टेकतो तिथे वीस वर्षांच्या घामाने लाकूड काळपट झालं होतं. मावशीने मला नंतर सांगितलं, दर दिवाळीला ते त्या लाकडाला जवसाचं तेल चोळतात. बंदूक वापरात नव्हती तेव्हाही चोळायचे.

त्या रात्री जेवताना बंदुकीचा विषय कुणी काढला नाही. काका लवकर झोपायला गेले. बहीण मला म्हणाली, "ताई, मी नको म्हणून सांगते उद्या. पट्ट्या चिकटवून कड उंच करता येते. लांबीचं बघू."

सकाळी आम्ही उठलो तर काका चहाच्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात दस्ता, सुटा काढलेला. हातात मऊ कापड. तेल लावून झालं होतं.

"उस्तादजींना फोन करून सांग," ते बहिणीला म्हणाले, "मोजताना घाई करू नका म्हणावं."

दुकानात मी गेले नाही, माझी परतीची गाडी होती. पण बहिणीने व्हिडिओ पाठवला. बारीक दात्यांची करवत, भुशाचा सोनेरी ढीग, आणि काका त्या छोट्याशा दुकानात स्टुलावर बसून एकटक बघतायत. करवत लाकडातून बाहेर आली तेव्हा त्यांनी डोळे मिटले.

तुम्हाला जायचं असेल तर

रेंज ही फिरायची बाग नाही. स्पर्धा चालू असताना बघायला जाणं सगळ्यात सोपं, पण आधी चौकशी करून जा. ओळखपत्र जवळ ठेवा. कानांना संरक्षण हवंच, लहान मुलांना तर नक्की. रेघेच्या पुढे कुणीही जायचं नसतं आणि उघडलेली, रिकामी बंदूक दिसली तरी हात लावायचा नसतो. दिवसाचं गणित जमवायचं असेल तर सकाळी रेंज, दुपारी तुघलकाबादचा किल्ला आणि उन्हं उतरताना सूरजकुंड. किल्ल्यात सावली कमी आहे, पाणी बरोबर घ्या. आणि माकडांपासून खाऊ जपा.

घरातल्या कुणाला हा खेळ शिकायचा असेल तर एकच विनंती. पहिल्याच महिन्यात विचारा, "बसते का नीट?" टोचत असेल, सरकत असेल, गालावर डाग येत असेल, तर सवय होईल म्हणून सोडून देऊ नका. आधी प्रशिक्षकांना दाखवा. दस्त्याला हात लावायचं काम मात्र परवाना असलेल्या जाणकारानेच करायचं.

नंतर

जादू झाली नाही. दुरुस्त केलेल्या बंदुकीने पहिल्या फेरीत बहिणीच्या तेरा तबकड्या फुटल्या, आधीपेक्षा एक कमी. दोन वर्षं वाकड्या अंगणात नाचलेले पाय एकदम सरळ पडत नाहीत. मान अजून आपोआप उचलली जायची. सरांनी आठवडाभर तिला बार काढूच दिला नाही, नुसती आरशासमोर बंदूक खांद्याला लावायला लावली. डोळे मिटून, रोज दोनशे वेळा. मग सतरा आले. मग पुन्हा पंधरा. तीन आठवड्यांनी एका फेरीत एकवीस.

निवड चाचणीत तिला हवे होते तेवढे गुण पडले नाहीत. चार कमी पडले. एमबीएचा अर्ज तिने भरला, पण काकांनीच सांगितलं की पुढचा हंगामही बघू.

परवा मावशीचा व्हिडिओ कॉल आला होता. बोलता बोलता तिने फोन टीव्हीच्या शोकेसकडे फिरवला. तिथे गणपतीच्या मूर्तीशेजारी, काकांच्या जुन्या पदकांच्या पुढे, लाकडाचा एक तुकडा ठेवलेला होता. सव्वा इंच जाड, एका बाजूने जरा तिरका कापलेला. तेल लावून चकचकीत केलेला.

"ह्याची धूळ पुसायला मला बंदी आहे," मावशी म्हणाली. "स्वतःच पुसतात."

मागून बहिणीचा आवाज आला, "ताई, माझा गाल बघ." तिने कॅमेऱ्यासमोर उजवा गाल धरला. तिथे आता काहीच नव्हतं.